हवापालटाचा दशांश

माझ्या नवऱ्याने एक क्रियापद नीट वापरलं असतं, तर भर देवळात माझी जी शोभा झाली ती झाली नसती. ‘घेतले’ म्हणायचं तिथे हा माणूस ‘आले’ म्हणून मोकळा झाला. मी शाळेत गणित शिकवते, व्याकरण माझा विषय नाही. पण पैसे ‘आले’ आणि पैसे ‘घेतले’ यातला फरक आमच्याच घरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला कळू नये, म्हणजे कमालच म्हणायची.

हे ‘आले’ प्रकरण काय ते आधी सांगते. आम्ही कोपरगावचे ख्रिस्ती. सासूबाईंना मी आत्या म्हणते, लग्न होऊन आले तेव्हापासून. आमच्यात आलेल्या पैशातला दहावा हिस्सा देवाचा, त्याला दशांश म्हणतात. पुष्कळ घरांत हल्ली तो जमेल तसा, आठवेल तसा देतात. आमच्याकडे तसं चालत नाही. माझा पगार, यांचा साखर कारखान्यातला पगार, सासऱ्यांच्या मागे आत्यांना मिळणारी पेन्शन, दारच्या शेवग्याच्या शेंगा विकून आलेले चार पैसे, सगळं आधी आत्यांच्या हातात जातं. त्या डोळे मिटतात, तोंडातल्या तोंडात प्रार्थना करतात, दशांश बाजूला काढतात आणि उरलेलं ज्याचं त्याला परत देतात. देवाला द्यायच्या त्या नोटा कोऱ्या, घडी न पडलेल्या. मळक्या आणि टेप लावलेल्या आमच्या वाट्याला. मग वाणी त्या घेत नाही आणि मी त्याच्याशी भांडत बसते.

घेतलेल्या पैशांना, म्हणजे उसन्या नाहीतर कर्जाच्या पैशांना, आत्यांच्या घरात जागाच नव्हती. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती संध्याकाळच्या आत परत गेली पाहिजे. एकदा वाण्याकडे हिशेबाला दोन रुपये कमी पडले. तो म्हणाला, राहू द्या मावशी, उद्या द्या. या भर उन्हात घरी आल्या, दोन रुपये घेतले आणि तशाच परत निघाल्या. मी म्हटलं, “आत्या, तो काय पळून चाललाय का?” तर म्हणाल्या, “तो न्हाई गं. मीच उद्या नसले म्हंजी?” अशा बाईला घेऊन आम्ही क्रेडिट कार्डावर सहलीला निघालो होतो.

सहलीचं खूळ माझंच. एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, आणि हे घरी लवकर यायला लागले. एका दुपारी मी लोकरीचे कपडे डांबरगोळ्या घालून पेटीत कोंबत होते. कोंबतच होते, खोटं कशाला बोलू. आत्यांनी माझ्या हातातून स्वेटर ओढून घेतला. “आसं न्हाई भरत. बाह्या आत घ्यायच्या, मंग गळा. आन् जड खाली.” आणि त्या भरायला बसल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी खाली बसत नाहीत, पण त्या दिवशी बसल्या.

लग्नाआधी आत्या मिशनच्या बंगल्यावर कामाला होत्या. उन्हाळा तापला की बंगल्यातल्या मडम मुलांना घेऊन हवापालटाला जायच्या, थेट कोडाईकनालला. आत्या त्याला कोडी म्हणतात. पेट्या भरायचं काम आत्यांचं. कोणाचे मोजे कुठे, पावसाची टोपी कुठे, मुलांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली कशात गुंडाळायची, सगळं त्यांना अजून पाठ आहे. कोडीला मे महिन्यात शेकोटी करतात, तिथे ढग खिडकीतून घरात येतात, तळ्याला फेरी मारायला एक सकाळ जाते, हे त्या शेजारणींना असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं बाई दर साल जाऊन येतात. मीसुद्धा लग्नानंतर बरीच वर्षं तसंच समजत होते.

त्या दुपारी मी सहज विचारलं, “तुम्ही कितीदा गेला होता आत्या, कोडीला?”

“मी कशी जाईन? पेट्या गेल्या की बंगला झाडायचा आसायचा.”

त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं, आणि मला मात्र कसंसंच झालं. आयुष्यभर ही बाई लग्न, मयत आणि दवाखाना सोडून कुठे गेलेली नाही. त्यात हाडांच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की गुडघे आता फार साथ देणार नाहीत, कुठे चढ-उताराचं जाऊन यायचं असेल तर यंदाच या. त्यांच्या मनात तालुक्याच्या पलीकडचा प्रवास नसावा. माझ्या मनात कोडी बसली ती बसलीच.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, “आणि पैसे?” मी म्हटलं, “तुमच्या खिशात हात घातला का मी?” माझ्या पगाराच्या खात्यावर बँकेने कधीतरी एक क्रेडिट कार्ड दिलं होतं, ते पाकिटात पडून होतं. त्याच्यावर मी एसी डब्याची तिकिटं काढली, तळमजल्यावरची खोली मिळेल असं हॉटेल ठरवलं, स्टेशनपासून वर जायला गाडी सांगितली. फोनवर बोट फिरवलं की झालं. इतकं सोपं असतं हे मला माहीतच नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं होतं.

आत्यांना फक्त एवढंच सांगितलं की सुट्टीत आपण कोडाईला जायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. उठल्या आणि माळ्यावरची पेटी काढायला लावली. निघायला अजून महिना होता. पण रोज एक तरी कपडा त्या पेटीत जायचा, दुसऱ्या दिवशी बाहेर यायचा आणि परत नीट घडी होऊन आत जायचा. मला फार गंमत वाटायची आणि फार मायाही यायची.

मग कार्डाचं बिल आलं. आकडा माझा मलाच ओळखू येईना. थोडे थोडे भरले तरी चालतील असं त्यावर लिहिलं होतं, पण उरलेल्याला व्याज किती लागेल ते मी मांडून बघितलं आणि बिल उपडं करून ठेवलं. सातवीच्या पोरांना शेकडेवारी शिकवणारी मी, आधी मांडायचं ते नंतर मांडत होते.

तेवढ्यात दुसऱ्या एका बँकेतून मुलीचा फोन आला. तिच्या बँकेचंही कार्ड माझ्याकडे होतं, कधी वापरलेलं नव्हतं. “मॅडम, तुम्ही बॅलन्स ट्रान्सफर करून घ्या.” मला वाटलं मोबाइलचा बॅलन्स. पूर्वी आम्ही या फोनवरून त्या फोनवर पाच-दहा रुपये पाठवायचो, त्यालाही हेच म्हणायचो. मी म्हटलं, बाई, माझ्या मोबाइलमध्ये पैसे आहेत. पोरगी हसली नाही, शहाणी होती. तिने समजावून सांगितलं. त्या कार्डाचं सगळं देणं आमच्या कार्डावर आणा. आम्ही तुमच्या खात्यात रक्कम टाकतो, तुम्ही जुन्या बँकेला ती भरून टाका, आणि आमचे सहा महिन्यांत हप्त्याने फेडा. व्याज नाही, फक्त सुरुवातीला थोडी फी. मात्र हप्ता चुकला की व्याज सुरू. मी दोनदा विचारून खात्री केली, कागद वाचले आणि हो म्हटलं. आमच्या दोघांच्या पगारात हप्ता बसत होता. देण्याचं देणंच राहिलं होतं, पण मला श्वास घेता आला.

रक्कम शुक्रवारी माझ्या खात्यात जमा झाली. मी म्हटलं, लगेच फोनवरून भरून टाकते. यांचा फोनवर विश्वास नाही. “एक आकडा चुकला तर जातील कुठल्या कुठे.” म्हणून यांनी माझ्याकडून चेक घेतला, रोख काढली आणि जुन्या बँकेत भरायला गेले, तर तिथली रोखीची खिडकी बंद झालेली. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार. म्हणजे सोमवारपर्यंत एवढी रोकड घरात. आणि घरात कुलूप लागणारं कपाट एकच, आत्यांचं. हे पाकीट घेऊन आत्यांकडे गेले आणि म्हणाले, “आई, हे ठेव. हवापालटाचे पैसे आलेत.”

मी तेव्हा निकालाच्या कामाला शाळेत होते. असते तर तिथेच तोंड दाबलं असतं.

रविवारी आम्ही देवळात गेलो, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधून वाट. उपदेशाआधी आमच्याकडे जाहिराती वाचतात, म्हणजे मंडळीसाठीच्या सूचना: कोण आजारी आहे, कोणाचं लग्न ठरलं, कोणी आभाराचं अर्पण दिलं. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं की आपल्या एका वडीलधाऱ्या भगिनीने, देवाने कुटुंबाच्या हवापालटासाठी पाठवलेल्या पैशाचा दशांश अर्पण केला आहे, त्याबद्दल आपण देवाचे आभार मानू. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी वरच राहिली. शेजारी आत्या नवं लुगडं नेसून, डोळे मिटून, समाधानाने बसलेल्या. दहावा हिस्सा किती होतो ते काढायला मला कागद लागत नाही. मी वाटेच्या पलीकडे यांच्याकडे बघितलं. हे गीतांच्या पुस्तकात असे बघत होते की जणू त्यात रेल्वेचं वेळापत्रक आहे.

बाहेर पडल्यावर बायकांनी घेरलं. “काय मग, लॉटरी लागली का?” “बढती झाली वाटतं यांना.” “आम्हालाही न्या की कोडाईला.” मी हसत होते. माझे गाल दुखेपर्यंत मी हसत होते.

घरी आल्यावर आत्या कपडे बदलायला गेल्या आणि मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. आवाज दाबून भांडायची मला सवय नाही, पण त्या दिवशी भांडले. “आलेत म्हणालात? कोणाकडून आले? तुमच्या मामाने पाठवले?” हे म्हणाले, “कर्ज म्हटलं असतं तर आईने कपाटात ठेवू दिले असते का?” मी म्हटलं, “नसते दिले तर उशाखाली घेऊन झोपला असता. आता तिकडे बँकेला कमी पडतात आणि इकडे गावभर देवाने पैसे पाठवल्याची दवंडी.” तर म्हणाले, “कमी पडतात ते आपण पगारातून घालू. पण आईला काही सांगू नकोस. तिला कळलं तर ती येणार नाही.” हे मात्र बरोबर बोलले. तिथेच आमचं एकमत झालं, आणि तेवढ्यात दारात आत्या.

“कोनाचे पैशे हायेत ते?”

मला खोटं बोलता येत नाही हा माझा चांगुलपणा नाही, माझ्या चेहऱ्यावर सगळं येतं म्हणून. मी म्हटलं, “बँकेचे आहेत आत्या. परत द्यायचेत.”

“आन् तिकिटं?”

“तीही कार्डावर काढली. ते एका बँकेचं देणं झालं. ते दुसऱ्या बँकेने भरायला दिले. आता तिचं हळूहळू फेडायचं. व्याज नाही.”

आत्यांनी विचार केला. “दुसरीनं का भरायचं पहिलीचं? तिचं काय नातं?”

“नातं नाही. गिऱ्हाईक मिळतं तिला.”

“व्याज न्हाई, मंग तिचं पोट कशावर भरतं?”

आता हे मी गणिताची बाई असून मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “थोडी फी घेतात. आणि बाकी, आपण हप्ता चुकवू अशी त्यांना आशा असते.”

“म्हंजी आपन चुकायची वाट बगत बसलेत.” त्या स्टुलावर बसल्या. माझ्यावर रागावल्या नाहीत, मुलावरही नाही. म्हणाल्या, “ते जाऊ दे. पन मी देवाला दुसऱ्याचं दिलं गं. कोऱ्या नोटा काडून दिल्या.”

त्या दिवशी संध्याकाळी पेटी रिकामी झाली. स्वेटर कपाटात गेले. रोजची घरची प्रार्थना आत्याच सांगतात, आम्ही मागून म्हणतो. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण हा शब्द येतो. त्या शब्दापाशी आल्या की आत्यांचा आवाज बंद व्हायचा आणि आम्ही दोघेच पुढे म्हणायचो. तीन माणसांच्या घरात असा एक आवाज कमी पडला की जेवणही उतरत नाही.

हे आईच्या मागे मागे फिरले. “आई, सगळ्यांचं असंच असतं आता. टीव्ही हप्त्याने, गाडी हप्त्याने.” आत्या म्हणायच्या, “व्हय का,” आणि भाजी निवडायच्या. पाळकसाहेब स्वतः घरी आले. माणूस चांगला. म्हणाले, “मावशी, चुकून दिलेलं आहे, मी परत आणून देतो, देवाला राग नाही येणार.” आत्यांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, “देवाच्या पेटीतनं पैसा काडून बँकंत भरायचा? मला न्हाई जमायचं.” पाळकसाहेब चहा पिऊन गेले.

निघायला आठवडा उरला तेव्हा माझा बांध फुटला. मी म्हटलं, “आत्या, तुम्ही येणार नसाल तर मीही जात नाही. ही तिकिटं आत्ता फाडते. हॉटेलचे आणि गाडीचे पैसे तर बुडालेच, परत मिळायचे नाहीत. मग फेडत बसू सहा महिने, न केलेल्या सहलीचे हप्ते. तुमच्या देवाला बरं वाटेल.” देवाचं नाव असं घ्यायला नको होतं. पण माझी जीभ एकदा सुटली की मलाही ऐकत नाही. तिकिटांचे कागद ओट्यावर आपटले आणि परसात जाऊन कपडे धुवायला बसले, धुतलेलेच.

पुढच्या रविवारी देवळात जाहिराती संपल्या, आणि आत्या उठल्या. आमच्याकडे बायका अशा मध्येच उठत नाहीत असं नाही, साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उठतात. पण आत्या कधी उठल्या नव्हत्या. समोरच्या बाकाला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मागल्या आयतवारी मी जे दिलं, ते आमचं नव्हतं. बँकंचं हुतं. देवानं पाटवलं आसं मी सांगितलं, ते खोटं झालं. सहा महिन्यांत आमी बँकंचं फेडू, मंग ते आमचं हुईल. तवर देवानं ते आमच्या नावावर धरू नये. नुसतं ठिवून घ्यावं.” आणि बसल्या.

मी जमिनीत जावं म्हणून फरशीकडे बघत होते. पाळकसाहेब म्हणाले, “आमेन,” आणि बाजाची पेटी वाजवणाऱ्याला खूण केली. गीत सुरू झालं. लोक जरा जास्तच मोठ्याने गायले.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता टोमणे येणार. तर कोणी माझ्याकडे आलंच नाही. बायका एक एक करून आत्यांपाशी जात होत्या, हात धरत होत्या, कानाशी काहीतरी बोलत होत्या. एकीचं सोनं गहाण होतं. एकीच्या मुलाची मोटारसायकल बँक ओढून नेणार होती. आमच्याच गल्लीतली एक, जिच्या घरी मागच्या नाताळात नवा फ्रिज आला म्हणून मी मनात जळले होते, ती रडत होती. आत्या प्रत्येकीचं ऐकून घेत होत्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “सगळ्यांच्याच घरी बँक जेवायला बसलेली हाय गं. कुनी बोलत न्हाई इतकंच.”

घरी आल्यावर त्यांनी पेटी खाली काढायला लावली. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि बाईंचं मन फिरलं तर काय घ्या. गुपचूप स्वेटर आणून दिले. त्या भरायला बसल्या आणि रात्रीच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज शेवटपर्यंत होता.

प्रवास लांबचा झाला. एसी डब्यात त्या पहिले काही तास अवघडून बसल्या होत्या, चादर चुरगळेल म्हणून. मग झोपल्या त्या गाढ. स्टेशनवरून गाडीने घाट चढताना गार वारा लागला तसं त्यांनी खिडकीची काच खाली करायला लावली आणि तोंड बाहेर काढलं. गाडीवाला ओरडला, त्याची भाषा त्यांना कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी तोंड आत घेतलं नाही.

कोडाईला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे तळ्याकाठी गेलो. धुकं होतं. हे मक्याची कणसं आणायला गेले आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. आत्यांनी शालीत हात गुंडाळले होते. कोडीबद्दल त्यांनी मला इतकी वर्षं इतकं सांगितलं होतं आणि आता एक शब्द बोलत नव्हत्या. मला धाकधूक व्हायला लागली की मनात बँक आहे वाटतं अजून.

“आत्या, बरं वाटतंय ना?”

“मडमनं मला विचारलं हुतं,” त्या म्हणाल्या. “एका साली. चल म्हनली संगं, तिकीट मी काडते. आईबी जा म्हनली. मीच न्हाई म्हनले.”

हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. यांनाही सांगितलं नसावं. मी म्हटलं, “का पण?”

“वाटलं, एवडं कशानं फेडू? पगारातनं फिटायचं न्हाई. म्हनलं नगंच.” “तिला फेडून नकोच हुतं गं. ते मला कळलंच न्हाई. मडम गेली, बंगला गेला, तवा कळलं.”

मी विचारलं, “मग या खेपेला कशा आलात? या खेपेला तर खरोखरचं फेडायचंय.”

त्या माझ्याकडे वळल्या. “तू तिकिटं आपटून परसात गेलीस ना, धुतलेली कापडं परत धुवाया. मी मागनं आले हुते. तू रडत हुतीस. मी दारातनंच माघारी फिरले.” त्यांनी शालीतून हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. “म्हनलं, बँकंचं काय, बँकंचं फिटंल. हे न्हाई फिटायचं. न्हाई फिटलं तर न्हाई फिटलं, घ्यावं एकदा.”

त्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांदेखत, मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि आत्या मला थोपटत राहिल्या.